परत आलेलं दुपटं

छावनी, इंदूर
८ जुलै

प्रिय संहिता,

प्रभूच्या नावात सलाम. रागात आहे, पण सलाम तर घालावाच लागतो.

सकाळी कुरियरवाला आला. म्हणाला, "आंटीजी, नासिक से आया है, साइन कर दो." मला इतका आनंद झाला की सही करताना पेन उलटं धरलं. वाटलं, लेकीने काहीतरी पाठवलंय. नातीचे, टबीथाचे फोटो असतील, तिच्या पायाचा ठसा असेल. हल्ली काढतात ना तसा. कात्री घेऊन घाईघाईने उघडलं, तर आतून माझंच दुपटं निघालं.

वर तुझी चिठ्ठी. चित्रं म्हणजे मूर्तीच, आमच्या फेलोशिपमध्ये चालत नाहीत, राग मानू नकोस. तीन ओळी. तीन महिने मी त्या दुपट्याला बसले होते, आणि तू तीन ओळी लिहून राहिली आहेस!

राग मानू नकोस म्हणे. मानला. भरपूर मानला.

त्यावर काय आहे? एक होडी, एक मासा, एक कोकरू आणि पिलांना पंखाखाली घेतलेली कोंबडी. मला सांग, या इंदुरात कोंबडीची पूजा कोण करतं? येशूनेच स्वतःला कोंबडीची उपमा दिली, पिलांना पंखाखाली घ्यायचं होतं पण तुम्ही आला नाहीत म्हणाला. त्याला चालते ती कोंबडी तुमच्या फेलोशिपच्या त्या ब्रदर विक्रांतला चालत नाही? परवापर्यंत हा माणूस मोबाइलचे कव्हर विकत होता, असं तूच सांगितलं होतंस. आता तो मला शास्त्र शिकवणार. आणि तुझा आशिषही तसलाच. लग्नात किती गरीब चेहरा करून उभा होता.

आणि मुलीचं नाव काय ठेवलंस? टबीथा! बायबलातली ती टबीथा काय करायची? शिवायची. विधवांना कपडे शिवून द्यायची. ती मेली तेव्हा बायकांनी पेत्राला रडत रडत काय दाखवलं? तिने शिवलेले अंगरखे. शिवणारणीचं नाव पोरीला ठेवायचं आणि आजीने शिवलेलं परत पाठवायचं, ही कुठली अक्कल?

वसुंधराताई दुपारी आल्या. शेजारी राहून त्यांनाही कळतं मी कुठलं दुपटं कोणासाठी करते ते. सोफ्यावर ते पसरलेलं बघून म्हणाल्या, "अगं हे तर नाशिकला गेलं होतं ना? छोटं पडलं का?" मी हो म्हटलं. तुझ्यापायी मी खोटं बोलले, तेही ऊन डोक्यावर असताना, एका देवभोळ्या ब्राह्मण बाईशी.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मी चार ओळी लिहिल्या की एक अंगठा पाठवतेस. म्हणून हे पोस्टाने. कागदाला अंगठा दाखवता येत नाही.

मानसचं मी काढत नाही. तुझं पहिलं बाळ गेलं त्याला तीन वर्षं होतील, आणि तेव्हापासून आपण दोघींनी एकमेकींसमोर त्याचं नाव घेतलेलं नाही. इथेही लिहिलं ते एवढ्याचसाठी, की त्याच्यामुळेच या वेळी मी "येते" म्हटलं नाही, "येऊ का" विचारलं. तू "इतक्यात नको" म्हणालीस. नको तर नको. नात सहा महिन्यांची झाली, मी तिला फक्त मोबाइलवर पाहिलंय. पण मी नाही तर निदान माझं दुपटं तरी तिच्या अंगावर राहू द्यायचं होतंस.

असो. चित्रं नकोत ना? बिनचित्रांचं करते. मग बघू काय काढतेस.

तुझी
आई


छावनी, इंदूर
२९ जुलै

प्रिय संहिता,

सलाम. सोबत दुसरं दुपटं पाठवते आहे. नीट बघून घे. ब्रदर विक्रांतला चष्मा लावून बघायला सांग. मासा नाही, कोकरू नाही, क्रूससुद्धा नाही. नुसते रंगांचे पट्टे आहेत.

हे तुला कळेल, कारण तू आपल्याच चर्चमध्ये वाढलीस, तुमच्या फेलोशिपच्या हॉलमध्ये नाही. जांभळा उपवासाचा. पांढरा नाताळचा आणि पुनरुत्थानाचा. लाल पवित्र आत्म्याचा. आणि बाकी सगळं वर्ष हिरवा. अख्खं चर्चचं वर्ष तुझ्या पोरीच्या अंगावर घालते आहे आणि कोणाच्या बापाला चित्र दिसणार नाही. पांढरा पट्टा तुझ्या पप्पांच्या सदऱ्याचा आहे. पाठीवर विरला होता, पण पुढचा भाग चांगला निघाला. जांभळं माझंच जुनं रेशीम. हिरव्याला काही मिळेना. वसुंधराताई म्हणाल्या, "माझी माहेश्वरी घे, नेसून नेसून लोण्यासारखी झाली आहे, फालतूमध्ये कपाटात पडली आहे." बाळाला जुनंच कापड लागतं, नवं टोचतं.

डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. धावदोरा सरळ धावत नाही, माळव्यातल्या पायवाटेसारखा जातो. तरी तीन आठवड्यांत संपवलं. महिला मंडळातल्या यामिनीबाई म्हणाल्या, मशीनवर घालून द्या ना, एका दिवसात होईल. त्यांना काय सांगू? मला लांब प्रार्थना येत नाही, तुला माहीत आहे. पाळकसाहेब "हे स्वर्गीय पित्या" म्हणून सुरू झाले की तिसऱ्या वाक्याला माझा डोळा लागतो. पप्पा कोपराने ढोसायचे. पण हातात सुई असली की मी जागी असते. एक टाका घालायचा आणि ज्याच्यासाठी घालते त्याचं नाव घ्यायचं, पुढचा टाका. माझी एवढीच उपासना. आपल्या चर्चमधल्या प्रत्येक पोराच्या बाप्तिस्म्याला मी असंच एकेक दुपटं दिलंय. त्यातली काही पोरं आता मोटारसायकलवरून भर वेगात जातात आणि मला ओळख देत नाहीत, ते सोड.

मशीन कोणाचं नाव घेणार?

पोचल्याचं कळव. अंगठा नको, शब्द लिही.

तुझी
आई


छावनी, इंदूर
२० ऑगस्ट

संहिता,

हेही परत?

आणि या वेळची चिठ्ठी काय म्हणते? "ही हिरवी साडी वसुंधरामावशींची आहे ना? त्या ती नेसून पूजेला बसायच्या. बाळाच्या अंगाला मला हे नको."

तुला गोवर आला होता तेव्हा मी शाळेत शिवणाच्या परीक्षा घेत होते. तुझ्या उशाशी ती बाई बसली होती. बहुतेक हीच साडी नेसून. तेव्हा नाही ते तुला चिकटलं? दर नाताळला त्यांच्याकडून करंज्यांचा डबा येतो, तो अर्धा तू एकटी खायचीस. पप्पा गेले तेव्हा आपल्या घरात चूल पेटली नाही, त्या चार माणसांचा स्वयंपाक सकाळ-संध्याकाळ पोचवत होत्या. तेव्हा तुझा ब्रदर विक्रांत कुठे होता? कव्हर विकत होता!

चिठ्ठी मी लपवायला हवी होती. पण पार्सल उघडलं तेव्हा त्या समोरच बसल्या होत्या. मराठी वाचता येतं त्यांना, माझ्यापेक्षा चांगलं. मी घडी करेपर्यंत त्यांनी वाचलंसुद्धा.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाल्या, "कात्री कुठे आहे?"

मी विचारलं, "कशाला?"

"हिरवा पट्टा उसवून देते. माझ्या हाताने काढते, म्हणजे तुला पाप नको. दुसरा कुठलाही हिरवा घाल, बाजारातून आण. पोरीला भेटायला जा, सुहासिनी. नात मोठी होऊन राहिली आहे तिकडे. साडीचं काय एवढं?"

आणि खरंच त्यांनी दोन टाके कापले. मी त्यांच्या हातातून दुपटं ओढून घेतलं. इतक्या जोरात, की कात्री खाली पडली. मी ओरडले, "हात लावू नका!" तुझ्यावरचा राग होता, निघाला त्यांच्यावर. त्या उठल्या, चपला घातल्या, गेल्या. तेव्हापासून आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा "कशी आहेस" विचारलं, पुढे काही नाही. आपल्या इमारतीत सगळ्यांशी त्या असंच बोलतात. माझ्याशी असं कधीच बोलल्या नव्हत्या.

तर ऐक. मी पट्टा काढणार नाही. दोन टाके कापले गेले ते मी परत घातले. तुझा देव आणि माझा देव एकच आहे असं मी आजवर धरून चालले होते. पण माझ्या देवाला जुन्या साडीची भीती वाटत नाही.

यापुढे मी लिहिणार नाही. दुपटंही पाठवणार नाही. नातीला गादीवर झोपव, चटईवर झोपव, तुमच्या हॉलच्या फरशीवर झोपव.

आई


छावनी, इंदूर
१२ सप्टेंबर

प्रिय संहिता,

लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहिते आहे. तुझ्यावर रागावून राहण्याइतकी ताकद आता माझ्यात नाही आणि त्याचाही मला राग येतो.

काल आशिष आले होते. तुला सांगून आले की न सांगता, मला माहीत नाही. पिथमपूरला कंपनीचं काम होतं म्हणाले. बेल वाजली, दार उघडलं, तर दारात सीताफळांची पिशवी घेऊन उभे. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, "या जावईबापू. काय काय अपवित्र आहे घरात ते बघून घ्या, म्हणजे मी बाहेर काढते."

ते बूट काढता काढता थांबले. म्हणाले, "आई, ते मी नाही केलं."

"मग ब्रदर विक्रांतने केलं."

"त्यांना तर माहीतही नाही. त्यांच्या घरी टेबलक्लॉथवर द्राक्षाचा वेल भरलेला आहे, त्यांच्या मिसेसनीच भरलाय. आमच्याकडे चित्रांना कोणी काही म्हणत नाही, आई."

मी दारातच उभी. मग म्हटलं, "आधी आत या."

आत बसले. तू पार्सल उघडलंस तेव्हा काय झालं ते त्यांनी सांगितलं. पहिलं दुपटं बाहेर काढलंस, नाकाशी नेलंस आणि तशीच न्हाणीघरात गेलीस. नळ सोडून बसलीस. बाहेर टबीथा रडायला लागली तरी आली नाहीस. आली तेव्हा म्हणालीस, हे परत पाठवायचं, यावर चित्रं आहेत. ते म्हणाले, "मी म्हटलं, अगं चित्रंच आहेत. तर ती म्हणाली, तुला शास्त्र कळत नाही. दुसऱ्या वेळी साडी निघाली. तिसऱ्या वेळी दोऱ्यातही तिने काहीतरी शोधलं असतं, आई. तिला तुमचं दुपटंच नकोय. मानसला त्यातच..."

मी सीताफळं ताटलीत काढत राहिले.

मानस गेला तेव्हा त्याला माझ्याच दुपट्यात गुंडाळून दिलं होतं. मला ते माहीत होतं, मीच दिलं होतं. पण तू तेव्हा वॉर्डात टाके घालून पडलेली, तू ते पाहिलं नव्हतंस. मला वाटलं, तुला नुसतं ऐकून माहीत आहे आणि बरं वाटत असेल, की आजीच्या दुपट्यात गेला. बरं वाटत असेल! कसला दिमाग म्हणायचा हा माझा?

अगं, पण सांगायचं ना! एक ओळ लिहायची, "आई, मला भीती वाटते." सहा शब्दसुद्धा लागत नाहीत. त्याऐवजी तू मला मूर्तिपूजा काढून दिलीस आणि मी वेड्यासारखी कोंबडीची वकिली करत बसले. टबीथा काय, पेत्र काय, अंगरखे काय! पोस्टमन माझी शास्त्राची पानं नाशिकला पोचवत होता आणि तू तिकडे नळ सोडून बसत होतीस. दोघींनाही उभं करून थोबाडीत द्यायला हवी. आधी मला.

आम्ही बसलो होतो तेवढ्यात वसुंधराताई आल्या. जावई आल्याचं त्यांना वॉचमनने सांगितलं. हातात आमटीचं पातेलं. माझ्याकडे न बघता आशिषना इंदुरी थाटात म्हणाल्या, "बसा भिया, गरम आहे, लगेच वाढते." त्यांनी वाढलं, आशिष जेवले. मी स्वयंपाकघरात त्यांच्या मागे गेले आणि म्हटलं, "ताई, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "मीठ बघ आधी." मग सगळं सांगितलं त्यांना. ओट्याला टेकून ऐकलं. म्हणाल्या, "मग साडीचं नव्हतंच काही."

"नाही."

"बघ. मी फिजूल महिनाभर रुसले."

कोंबडीचं दुपटं त्या घेऊन गेल्या. म्हणाल्या, मी तर मूर्तिपूजकच आहे, मला चालतं. त्यांच्या दिवाणावर घातलंय.

मी येते आहे. या वेळी विचारत नाही, येते. शुक्रवारच्या बसने. हात रिकामे घेऊन येते. दुपटं नाही, अंगडं नाही, सुईसुद्धा नाही. पिशव्या तपासून घे हवं तर.

तुझी
आई


छावनी, इंदूर
६ ऑक्टोबर

प्रिय संहिता,

सलाम. नीट पोचले. सेंधव्याच्या घाटात बस दोन तास उभी होती, पुढे एक ट्रक आडवा झाला होता. शेजारची बाई पूर्ण वेळ सुनेबद्दल बोलत होती. मी जावयाबद्दल चांगलं बोलले, तर तिला ते आवडलं नाही.

तुझ्या घरात आपण रोज भांडलो, त्याने मला बरं वाटलं. तेल कोमट करायचं की नाही, पोरीला उभं करायचं की अजून नाही, टोपी, पंखा. तुझं म्हणणं डॉक्टरचं आणि माझं आजीचं. टबीथाने मात्र दोघींच्या अंगावर सारखंच ओकून दिलं. रविवारी तुमच्या हॉलमध्येही आले. ढोल जरा जास्तच आहे. ब्रदर विक्रांत बरा माणूस निघाला. मी त्याच्याबद्दल जे जे लिहिलं ते परत घेते, कव्हरसकट. प्रार्थना मात्र तोही लांबच करतो. तिसऱ्या वाक्याला मला जांभई आली आणि तू कोपराने ढोसलंस.

निघायच्या दिवशी दुपारी टबीथा तुझ्या मांडीवर झोपली होती तेव्हा तू विचारलंस, "आई, मानसच्या दुपट्यातही तू प्रत्येक टाक्याला त्याच्यासाठी मागितलं होतंस ना? मग त्याचं काय झालं?"

मी उठून पिशवी भरायला घेतली. तुला वाटलं असेल, आईला राग आला. राग नव्हता. पाळकसाहेबांना मी हेच विचारलं होतं, तीन वर्षांपूर्वी. त्यांनी जे सांगितलं ते चांगलं होतं, पण मला लागू पडलं नाही. तेव्हापासून मी दर रविवारी चर्चमध्ये जाते आणि दर रविवारी देवावर रागावून बसते. त्याला चालत असावं. अजून उठवून लावलेलं नाही.

नंतर तू विचारलंस, "त्याच्यावर काय होतं?" तेव्हा आशिष रिक्षा घेऊन आले आणि मी सुटले. समोर मला सांगता आलं नसतं. म्हणून हे पत्र.

त्याच्यावर काही नव्हतं, संहिता. क्रूस नाही, मासा नाही. तो दोन महिने आधी आला. माझं एका बाजूचंच झालं होतं. तुझ्या शाळेच्या निळ्या झग्याचे चौकोन आणि पप्पांच्या धोतराचं अस्तर. मधला चौकोन मी मोकळा ठेवला होता, कारण तुमचं नाव ठरलं नव्हतं. तसंच पिशवीत घालून नाशिकला आले. वाटलं, बाळ काचेच्या पेटीत असेपर्यंत बसल्या बसल्या पुरं करीन.

तो गेला त्या दिवशी पाळक आले, पेटीत हात घालून त्याच्या कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लावलं. तू आतून आशिषबरोबर नाव सांगून पाठवलं होतंस. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि मधल्या चौकोनात ते भरायला घेतलं. मा झाला. न झाला. प्रत्येक टाक्याला मी तेच मागत होते जे तू आत मागत होतीस.

मग सिस्टर बाहेर आली. तिच्या तोंडावरूनच कळलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, बाळाला गुंडाळायला तुमचं काही आहे का? नाहीतर आमची हिरवी चादर आहे. मी म्हटलं, आहे. पण थोडं थांबा.

ती थांबली. मोठ्या मनाची पोरगी होती, भिंतीला टेकून उभी राहिली, घाई केली नाही. त्यानंतर मी स भरला. मागायचं काही उरलं नव्हतं, म्हणून नुसतं त्याचं नाव घेत राहिले. दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला आणि दुपटं तिच्या हातात दिलं.

दुसरी बाजू राहिली होती. पण नाव पुरं झालं होतं. तो तुझं दिलेलं नाव घेऊन गेला, संहिता. एवढंच होतं त्याच्यावर.

तुझी
आई